पेठेकाकांचा बाजूबदल

पनवेलच्या एसटी स्टँडवर ज्यांनी पूर्वी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांनी पेठेकाकांना पाहिलेलं नसलं तरी ऐकलेलं नक्की असणार. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं बोलून तो आवाज जरा थांबायचा. सगळ्यांनी खरंच लक्ष दिलं की नाही, ते भोंग्यातून वाकून बघतोय असं वाटायचं. मग सावकाश, एकेक गाव सुटं सुटं ठेवत, कोणती गाडी कुठून कुठे जाणार ते सांगायचा. लहान असताना मी आईबरोबर मामाकडे जायला स्टँडवर यायचे. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस भोंग्यातच राहतो.

तो प्रत्यक्ष भेटला मी कॉलेजात आल्यावर, आणि तोही चुकून. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आमचं गाव पळस्पे फाट्यापासून आत. वडील पूर्वी मिठागरात होते, आता टेम्पो चालवतात. बी.ए. झाल्यावर नोकरी लागेलच असं त्यांना कोणी छातीठोकपणे सांगेना, म्हणून त्यांनी मला टायपिंगच्या क्लासलाही घातलं. एकदा रविवारी क्लासला सुट्टी असते हे विसरून मी गेले. दार उघडं होतं. आत टाइपरायटरवर खोळी घातलेल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत स्टुलांवर बसून बरीच माणसं वाद घालत होती. मी दारातच थबकले. समोरच्या खुर्चीत पांढऱ्या बुशशर्टातला एक उंच, किडकिडीत माणूस बसला होता. तो म्हणाला, "या. आज यंत्रं झाकलेली आहेत, तोंडं उघडी आहेत. चालत असेल तर बसा."

आवाज ऐकून मी बसलेच. तो भोंग्यातला माणूस होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या लक्षात राहिली. ते मला 'तुम्ही' म्हणाले. शहरात आल्यापासून दुकानदार, कंडक्टर, कॉलेजातले शिपाई, सगळे मला 'ए पोरी' म्हणत होते. काका सगळ्यांनाच अहोजाहो करायचे, अगदी कोणी कडेवर आणलेल्या लहान मुलालासुद्धा. त्याचं कारण विचारलं तर म्हणाले की स्टँडवर कंट्रोलर होते तेव्हा चौकशीच्या खिडकीतून माणसाचं नुसतं डोकं दिसायचं, वय कळायचं नाही, तेव्हापासून ती सवय लागली.

त्या मंडळाचं नाव 'सहविचार'. माणसाचे प्रश्न माणसांनीच बसून सोडवायचे आहेत, वरून कोणी येणार नाही, एवढं एक सूत्र धरून चालणारी ती माणसं. वीटभट्टीवरच्या मुलांची शाळा चालवायची, रजिस्टर लग्न करणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं, देहदानाबद्दल घरोघरी सांगायचं अशी कामं ती करत. आणि दर रविवारी सकाळी एक विषय घेऊन भांडायचं. काका त्याचे समन्वयक होते, पण बैठक चालवायचे ते स्टँड चालवल्यासारखी. "आजचा विषय नशीब. मार्गे आळस, ओळखीपाळखी आणि स्पर्धा परीक्षा. चहाला थांबा घेईल." कोणी फार लांबण लावली की म्हणायचे, "आपली गाडी विनाथांबा झाली आहे, मधले प्रवासी खोळंबलेत." बोलणाराही हसून थांबायचा.

'माहीत नाही' हे उत्तर काकांना फार आवडायचं. कोणी भर बैठकीत "मला माहीत नाही" असं कबूल केलं की ते समाधानाने मान हलवायचे. त्यामागची गोष्ट ते स्वतःच सांगत. नोकरीच्या सुरुवातीला कोकणातल्या एका लहानशा स्टँडवर असताना एका बाईंनी त्यांना गाडी विचारली. यांना ठाऊक नव्हतं, पण नवीन माणूस, नाही कसं म्हणायचं, म्हणून अंदाजाने ठोकून दिलं. त्या बाई लेकीकडे बारशाला निघाल्या होत्या, त्या भलत्याच गावी पोचल्या. तिथे उतरून दुसऱ्या दिवशी परत आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मेल्या, माहीत नाही म्हणाला असतास तर तुझी काय जीभ झडली असती?" काका म्हणायचे, "मी तत्त्वज्ञानाची पुस्तकं नंतर वाचली. पण सगळ्यांचं सार मला त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं."

ते ज्या गावचे, ते पेणजवळचं. वडील भिक्षुक. नाव ठेवलं गजानन. "नाव बदलावंसं नाही वाटलं?" असं मी एकदा भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "कशाला? हाक मारली की मी येतो, माझ्या बाजूने तरी नाव खरं आहे."

त्यांच्या घरी गेलं की मात्र गोंधळायला व्हायचं. स्वयंपाकघरात पेठेकाकूंचा देव्हारा. समया, तांब्या, पळी-पंचपात्र, सगळं आरशासारखं लखलखीत. काकूंची मनगटं दुखतात, त्यामुळे दर आठवड्याला देवाची भांडी चिंचेने घासायचं काम काकांकडे. काकू म्हणायच्या, "अख्ख्या पनवेलमध्ये इतके स्वच्छ देव कुठे नाहीत. भक्त नुसते हात जोडतात. नास्तिक घासतो." काका म्हणायचे की त्यांचं देवाशी भांडण आहे, पितळेशी नाही.

आता बाजूबदलाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. 'सहविचार'मध्ये काकांनी एक पद्धत पाडली होती. एखाद्या विषयावर दोन तट पडले की मत घेण्याआधी दोघांनी बाजू बदलायच्या. मी तुमचं म्हणणं मांडायचं, तुम्ही माझं. आणि नुसतं मांडून चालायचं नाही. समोरचा "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणेपर्यंत मांडत राहायचं. मगच हात वर करायचे. नवीन माणसाला हा पोरखेळ वाटायचा. मलाही वाटला होता. गावदेवीला कोंबडं द्यावं की नाही यावर बोलणं चाललं होतं आणि काकांनी मला माझ्या आईची बाजू मांडायला सांगितली. मी चाचरत उभी राहिले. आई देवीला का घाबरते, आम्ही आजारी पडलो तेव्हा दवाखाना किती लांब होता आणि देवी किती जवळ होती, असं काहीबाही बोलले. मत माझं बदललं नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन मी आईशी वाद घातला नाही, हे खरं.

बाजूबदलात काकांच्या तोडीचं एकच माणूस होतं. रुबिना मुकादम. त्या वकील. पनवेलच्या कोर्टात त्यांचा दरारा आहे. त्यांनी परधर्मातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं, निकाह नाही, फेरे नाहीत, काही नाही. तेव्हापासून त्यांचं माहेर तुटलंय. त्यांचं आणि काकांचं सतत वाजायचं आणि दोघांना त्याशिवाय करमायचं नाही. "पेठेसाहेब, तुमची दलील कच्ची आहे," त्या म्हणायच्या. "पिकायला ठेवली आहे, घाई करू नका," काका म्हणायचे.

तर एका उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं, कविताचं, लग्न निघालं. नवरा उरणकडचा. मी 'सहविचार'मधल्या सगळ्यांना बोलावलं होतं, पण काका आणि काकूच आले. काका नवा झब्बा घालून पुरुषांच्या रांगेत बसले होते. लग्न दुपारचं. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण असते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, विधी सांगते. पूर्वी तीच लग्न लावायची, भटजी नंतर आले, असं म्हातारी माणसं सांगतात. आमच्या गावच्या धवलारीण भागीमावशी. त्यांनी आदल्या दिवशीच्या हळदीपासून सगळं गाऊन गाऊन आवाज घालवून घेतला होता. पण नवऱ्याकडच्यांना मंगलाष्टका हव्याच होत्या, आणि मंगलाष्टका म्हणणारे भटजी पळस्पे फाट्यावर अडकले होते. तिथे एक कंटेनर आडवा झाला होता. भटजी दर थोड्या वेळाने फोन करून "आलोच, पुलाखाली आहे" असं सांगत होते. पूल तोच होता.

मुहूर्त टळला. कविता अंतरपाटाआड उभी, घामाने चिंब. नवऱ्याकडच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आधी ट्रॅफिकबद्दल होती, मग हळूहळू मुलीच्या पायगुणावर आली. नवऱ्याचे एक काका तर सरळच म्हणाले की सुरुवातच अशी तर पुढे काय. कविताने ते ऐकलं.

माझे वडील पेठेकाकांसमोर जाऊन उभे राहिले. "कंट्रोलरसाहेब, तुमच्याकडं गला हाय, भिक्षुकाचं घरानं हाय. पोरीला सोरवा."

काकांनी शेजारच्या बायकांच्या रांगेत काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? मी सांगितलं म्हणून केलंत असं नंतर म्हणायला मोकळे."

काकांनी कविताकडे पाहिलं. मग उठले, डीजेवाल्याच्या हातून माईक घेतला, बोटाने एकदा टकटक केलं आणि म्हणाले, "वऱ्हाडी मंडळींनी कृपया लक्ष द्यावे."

पहिली मंगलाष्टका त्यांनी जशी असते तशीच म्हटली, गणपतीच्या नावापासून. लहानपणी वडिलांमागे उभं राहून पाठ झालेली. काय आवाज लागला होता! भागीमावशी डोळे मिटून डोलत होत्या. दुसऱ्या कडव्याला मात्र काका थांबले. मला वाटलं, विसरले. मग त्याच चालीत, त्याच ठेक्यात त्यांनी सुरू केलं:

भांडा रोज, परंतु भांडण कधी ठेवू नका हो शिळे,
त्याने भाकर थापणे शिकुन घ्यावे आजपासून हो,
तीही माणुस, तूहि माणुस असे लक्षात ठेवा सदा...

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भाकरीच्या ओळीला नवऱ्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. आणि "सावधान" म्हणताना काकांनी त्या पायगुणवाल्या काकांकडे असं रोखून पाहिलं की ते खरोखरच सावध होऊन बसले. अंतरपाट खाली आला. कविता हसत होती.

भटजी पोचले तेव्हा पहिली पंगत उठली होती. कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले होते. ते शांतपणे जेवले, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि काकांना बाजूला घेऊन आदराने विचारलं, "आपण कोणत्या शाखेचे?"

"पनवेल आगाराचे," काका म्हणाले.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण कोणीतरी व्हिडिओ काढला होता, आणि त्यात नेमकी पहिली मंगलाष्टका आली होती, पुढचं काही नाही. दोन दिवसांत तो 'सहविचार'च्या ग्रुपवर आला. 'सहविचार'मध्ये नियम होता की सदस्याने स्वतः कोणताही धार्मिक विधी करायचा नाही. केला तर जे पद असेल ते सोडायचं आणि वर्षभर बैठक चालवायची नाही. हा नियम काकांनीच केलेला. मोबाइलच्या दुकानवाल्या किरणला दोन वर्षांपूर्वी त्याच नियमाने खजिनदारपद सोडावं लागलं होतं, कारण दुकानाच्या उद्घाटनाला त्याने आरती म्हटली होती. ग्रुपवर किरणने तेवढंच लिहिलं, "काका, माझ्या आरतीला तर माईकपण नव्हता."

मला फार वाईट वाटत होतं. निवृत्त झाल्यावर काकांना भोंगा राहिला नव्हता, राहिली होती ती रविवारची खुर्ची. तीही जाणार की काय असं वाटत होतं. आणि लग्न आमच्या घरचं. मी काकांना फोन करून म्हटलं की मी बैठकीत सगळं सांगते, तुम्ही बोलू नका. ते म्हणाले, "तुम्ही या, चहाला मदत करा. आरोपी स्वतः हजर आहे."

रविवारी त्यांनी स्वतःच फळ्यावर विषय लिहिला: 'समन्वयकाने पद सोडावे काय?' मग खुर्चीवरून उठून स्टुलावर बसले आणि बैठक किरणला चालवायला दिली. तट पडायला वेळ लागला नाही. काहीजण म्हणत होते, एका मुलीची अब्रू वाचली, नियम काय कुरवाळत बसायचे. रुबिनाताई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की त्यांना पेठेसाहेबांबद्दल प्रेम आहे, पण नियम मोडला आहे आणि मोडणाऱ्याचं नाव मोठं आहे म्हणून तो लहान होत नाही. काका म्हणाले, त्यांना ते चुकीचं वाटत नाही, उद्या तशी वेळ आली तर पुन्हा म्हणतील.

"बाजूबदल," किरण म्हणाला.

आधी रुबिनाताई. काकांची बाजू त्यांनी कोर्टात मांडावी तशी मांडली. म्हणाल्या की मांडवात एक मुलगी उभी होती आणि ट्रॅफिकचा राग तिच्यावर काढायला लोक तयार बसले होते. त्या दिवशी लग्न अडलं असतं तर पुढे घरात दूध नासलं तरी तिच्या पायगुणामुळे नासलं असतं. "ज्याच्याकडे तिला सोडवायची चावी आहे, त्याने चावीवर कोणाचं नाव कोरलंय ते बघत बसायचं का? पेठेसाहेबांनी देवाला हाक मारली नाही. लोकांना ऐकू येईल अशा भाषेत त्या मुलीला हाक मारली. माणसासाठी नियम आहे. माणूस अडला असताना नियम सांभाळणारा मनुष्य मला कर्मठ वाटतो, मग तो देव मानो की न मानो."

काकांनी मान हलवली. "हो. मला हेच म्हणायचं होतं. फक्त मला इतकं चांगलं सुचलं नव्हतं."

मग काका उभे राहिले. नेहमीची गंमत नाही, घोषणा नाही. म्हणाले, "मी आता रुबिनाताईंच्या बाजूने बोलतो. त्या दिवशी ते शब्द माझ्या तोंडून सहज आले. का आले? कारण ते मला जन्माने फुकट मिळाले होते. मी ते म्हटले, तर लोक टाळ्या वाजवतात. नास्तिक असून किती मोठ्या मनाचा, म्हणतात. समजा रुबिनाताईंनी कोणाच्या तरी अडचणीला धावून जाऊन हात वर करून दुवा मागितली असती, आणि त्याचा व्हिडिओ आला असता. आपण त्यांनाही मोठ्या मनाचं म्हटलं असतं, की शेवटी आपल्या मूळ जागी गेली म्हटलं असतं?"

काकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"त्यांच्या भावाच्या लग्नात त्यांना बोलावलं होतं," काका पुढे म्हणाले. "एकच अट होती, एकदाच, सगळ्यांच्या देखत, तोंडदेखली का होईना, दुवा मागायची. त्या गेल्या नाहीत. त्यांनी अवघड होतं तेव्हा नियम पाळला. मी सोपं होतं तेव्हा मोडला. मी जर खुर्चीवर राहिलो, तर त्यांचं तेव्हाचं न जाणं हा मूर्खपणा होता असं आपण सगळे मिळून ठरवतोय. किरणचं खजिनदारपदही मग उगाच गेलं."

ते वळले. "रुबिनाताई, बरोबर मांडलं का?"

रुबिनाताईंनी चष्मा काढून पुसला. "मी भावाचं सांगणार नव्हते," त्या म्हणाल्या.

"सांगायला नको होतं का?"

"नाही. बरोबर मांडलंत."

मग मतदान. काकांनी पद सोडावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, किरण म्हणाला. काही हात वर झाले. रुबिनाताईंचा झाला नाही. आणि काकांचा झाला.

किरणला वाटलं, गडबड झाली आहे. "काका, बाजूबदल संपला. आता स्वतःचं मत द्यायचंय."

"स्वतःचंच देतोय."

"पेठेसाहेब, हात खाली घ्या," रुबिनाताई म्हणाल्या. "हा काय तमाशा आहे?"

"तुम्ही का नाही केला वर?"

"तुमची बाजू मांडता मांडता मला पटली."

"मलाही तुमची पटली. माझा काय दोष?"

सगळे हसायला लागले. मग किरणने हात मोजले आणि हसणं थांबलं. काकांनी पद सोडावं हे एका मताने ठरलं होतं. ते मत त्यांचं स्वतःचं होतं. मी पुन्हा मोजायला सांगितलं. माझं बैठकीत आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य. पुन्हा मोजलं, तरी तेच.

समन्वयक रुबिनाताई झाल्या. खुर्चीवर बसायला मात्र तयार नव्हत्या, काकांनीच खुर्ची झटकून त्यांना बसवलं. पुढच्या रविवारी काका दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसले. कोणी लांबण लावली की आम्ही सगळे नकळत त्यांच्याकडे पाहायचो. ते कपातल्या चहाकडे पाहायचे.

काकू घरी म्हणाल्या की बरं झालं, रविवारी बाजारात पिशवी धरायला माणूस मिळाला. पण मी निघाले तेव्हा चपला घालताना हळूच मला सांगितलं, "घरात घोषणा देत हिंडतात गं. काल म्हणे, वरणभात फलाट क्रमांक दोनवर लागला आहे. हसू येतं, आणि नंतर नाही येत."

यातून वाट काढली ती भागीमावशींनी. माझ्या वडिलांच्या टेम्पोत पुढे बसून त्या थेट काकांच्या घरी आल्या. मी होतेच. काकांच्या हातात त्या वेळी चिंच लावलेली समई. मावशींनी ती समई बघितली, काकांना बघितलं आणि विचारपूस वगैरे काही न करता म्हणाल्या, "माजा गला गेला, तुमची खुर्ची गेली. दोगं मिलून एक लगीन लावू."

काका म्हणाले की देवाचं नाव आलं तर त्यांना जमणार नाही, आता तर मुळीच नाही.

"धवल्यात माजा देव मी बगीन. तुमी तुमची भाकर थापा," मावशी म्हणाल्या. भाकरीचं कडवं तोंडोतोंडी गावोगाव पोचलं होतं. पोरी मागून घेत होत्या.

काका रीतसर रुबिनाताईंकडे परवानगी मागायला गेले. रुबिनाताईंनी सगळी कडवी ऐकली, वकिली नजरेने तपासली, आणि त्यांच्या रजिस्टर लग्नवाल्या जोडप्यांनाही अशी काहीतरी गोष्ट हवी असते, असं म्हणाल्या. कागद त्या करतील, कडवी काका म्हणतील. "पण देवाचं नाव ऐकलं तर मी स्वतः येऊन माईक काढून घेईन."

"या ना," काका म्हणाले. "जेवण चांगलं असतं."

मग मावशींची आणि काकांची जोडीच जमली. मावशी बसक्या आवाजात धवले सुरू करायच्या, देवाचं नाव नसेल तिथे काका उचलून धरायचे, आणि शेवटी आपली कडवी. प्रत्येक जोडप्याला नवं. नवरा रिक्षा चालवणारा असेल तर मीटरवर, नवरी नर्स असेल तर रात्रपाळीवर. "पेशंटला उठवून गोळी देते, नवऱ्यालाही तीच देईल" अशा अर्थाचं एक होतं, ते मला आता नीट आठवत नाही.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते उरणजवळच्या करंजाला. त्यानंतर काका-काकू मुलाकडे नाशिकला राहायला गेले, आणि मी एम.ए.साठी खारघरला येऊन-जाऊन करायला लागले. फोनवर बोलणं होतं. काका तिथल्या सोसायटीत बाजूबदल शिकवतायत म्हणे, पार्किंगच्या भांडणात.

करंजाचं लग्न कोळ्यांचं होतं. बंदराजवळच मांडव, मागे वाळत घातलेली सुकट, बाजूला होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. नवरी मावशींची भाची. रुबिनाताई कागदपत्रांसाठी आल्या होत्या आणि पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. धवले झाले. काकांनी माईक घेतला, तेवढ्यात नवऱ्याची आजी काठी टेकत पुढे आली. अगदी वाकलेली, नाकात मोठी नथ.

"गनपतीचं नाव घे आदी," ती म्हणाली. "त्याबगर माज्या नातवाचं लगीन नाय लागायचं."

तिची सून तिला मागे ओढायला लागली. आजी हलेना. सगळा मांडव काकांकडे पाहत होता. मी रुबिनाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती, हातातल्या फायलीची दोरी बांधत होत्या.

काका वाकले. "आजी, मी ते म्हणणार नाही," ते म्हणाले. "मी तसं ठरवलंय. पण तुम्ही म्हणा."

"मी? मना काय येतंय त्यातलं?"

"घरी म्हणता तसं म्हणा. माईक मी धरतो."

आजीने एकदा माईककडे संशयाने पाहिलं. मग डोळे मिटून, हात जोडून बोलायला लागली. चाल नव्हती, यमक नव्हतं. गनपतीराया, या पोरांना सांभाल. यांच्या होरीला सांभाल. माज्या सुनेचे गुडघे सांभाल, ती मना नाय बोलत पन तिला दुकतान. मासली दे, भांडान देऊ नुको. तिचा आवाज बारीक होता, म्हणून काका आणखी वाकले आणि माईक तिच्या तोंडाजवळ नेला, ना फार जवळ ना फार लांब, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द जाईल असा. त्यांची उंच पाठ पार कमानीसारखी झाली होती. मागे सूनबाई पदराने डोळे पुसत होत्या. रुबिनाताईंनी मान वर केली होती.

आजी थांबली. काकांनी माईक तसाच धरून ठेवला, अजून काही राहिलं असेल तर असावं म्हणून. तिने डोळे उघडले, समोर इतक्या जवळ वाकलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, जरा विचार केला आणि पुन्हा हात जोडले.

"आनि या माइकवाल्यालाबी," ती म्हणाली.